पाद्र्यांची पेटी आणि टिळकांचे टाळ

कोजागिरी झाली की वऱ्हाडातल्या गावांना पहाटेची जाग काकड्याने येते. यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दारव्हा, राळेगाव, वणी, कोणत्याही अंगाने जा. ह्या दिवसांत कापूस बोंडांतून डोकावू लागलेला असतो, ज्वारी निसवलेली असते, आणि अंधार फिटण्याच्या आधी मारुतीच्या पारावरून भजनाचा आवाज येतो. टाळ, मृदंग, खंजिरी आणि त्यांच्या मागे एक संथ, भरलेला सूर धरून ठेवणारी पेटी. टाळ आपले, मृदंग आपला, खंजिरी आपली, एकतारी तर संतांच्या हातातलीच. पण ही पेटी कोणाची? विठोबाच्या भजनात ती इतकी मुरली आहे की हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही.

ही पेटी मूळची युरोपातली. १८४२ साली पॅरिस शहरी दबें नावाच्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. मोठमोठ्या चर्चमधून भिंतीएवढे ऑर्गन असत. ज्यांना तेवढे परवडत नसे अशा लहान प्रार्थनामंदिरांना ही सुटसुटीत पेटी फार सोयीची वाटली. जहाजांतून ती पाद्र्यांबरोबर आणि साहेबांबरोबर हिंदुस्थानात उतरली. तेव्हा ती पायाने भाता मारावयाची होती, म्हणून वाजविणाऱ्याला खुर्ची लागे. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष ह्यांच्यासारख्या कारागिरांनी तिचा भाता मागच्या बाजूस हाताशी आणला आणि पेटी सतरंजीवर बसली. सतरंजीवर बसली ती मग उठलीच नाही. संगीत नाटकांनी पायपेटीला रंगभूमीवर मान दिला, गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी तिला बोलावयास लावले, आणि कीर्तनकार बुवांनी तिला देवळात नेले. १९४० साली नभोवाणीने 'हे वाद्य आपल्या संगीताचे नव्हे' म्हणून तिच्यावर बंदी घातली. ती बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले. पण त्या तीस वर्षांत एकाही खेड्यातल्या भजनी मंडळाने आपली पेटी विकल्याचे ऐकिवात नाही!

गंमत अशी की, ज्या गाण्यांच्या साथीसाठी ही पेटी सातासमुद्रांपलीकडून आली, ती गाणी मात्र येथे रुजली नाहीत. पेटी राहिली आणि चाली परत गेल्या. ख्रिस्ताची गोष्ट मराठी माणसाच्या कानात शिरली ती पुढे पुष्कळ वर्षांनी, आणि शिरली ती अभंगाच्या व ओवीच्या वाटेने. असे का झाले आणि ही वाट कोणी पाडली, तो इतिहास सणाच्या दिवशी घरातल्या सर्वांनी मिळून वाचावा असा आहे. कारण तो एका धर्माचा जितका आहे तितकाच आपल्या भाषेचाही आहे.

आरंभ आपल्या यवतमाळापासूनच करू. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वेळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. ह्या बाजूला जे परदेशी मिशन प्रामुख्याने काम करू लागले ते अमेरिकेतल्या फ्री मेथॉडिस्ट मंडळीचे. ही मंडळी १८६० साली न्यूयॉर्क प्रांतात स्थापन झाली. नावातला 'फ्री' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. त्या काळी अमेरिकेत प्रार्थनामंदिरातल्या पुढच्या जागा श्रीमंतांना भाड्याने देण्याची चाल होती. ह्यांनी ती मोडली व जागा सर्वांना मोकळ्या केल्या. गुलामगिरीलाही त्यांचा कडवा विरोध होता. माणसे साधी, काटेकोर आणि हट्टी.

त्यांच्या काटेकोरपणाचा एक नमुना आपल्या विषयाला लागून आहे. उपासनेत वाद्य वाजविणे त्यांना वर्ज्य होते! ऑर्गन नको, निवडक गायकांचा ताफाही नको. सर्वांनी मिळून नुसत्या गळ्याने गावे, नाहीतर लक्ष देवाकडून वाद्याकडे जाते, असे त्यांचे म्हणणे. १९४३ साली कुठे त्या मंडळीने, स्थानिक सभासदांनी मान्य केले तर एखादे वाद्य ठेवावयास मुभा दिली. आता पाहा योगायोग. ज्या प्रांतात देवाला उठवावयाचे ते टाळ-मृदंगाने, निजवावयाचे तेही टाळ-मृदंगाने, त्या प्रांतात वाद्य न मानणारे धर्मोपदेशक आले. ज्या कानाला खंजिरीच्या ठेक्याशिवाय देव जवळ आल्यासारखा वाटत नाही, त्या कानापुढे त्यांना आपली गोष्ट सांगावयाची होती.

ह्या मंडळीतर्फे हिंदुस्थानात आलेल्या पहिल्यावहिल्या माणसांत अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांची पत्नी फीबी ही दोघे होती. १८८१ साली ती मुंबईस उतरली आणि वऱ्हाड, खानदेश व मध्य प्रांताच्या बाजूला फिरत राहिली. वॉर्ड हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे आगगाडीच्या एका डब्यात त्यांची पुन्हा गाठ पडावयाची आहे.

परक्या चाली आपल्याकडे का बसल्या नाहीत, हे थोडे समजून घ्यावयास हवे. ह्यात गाणाऱ्यांच्या भक्तीचा दोष नाही. दोष असला तर तो भाषेच्या चालीचा. इंग्रजी भाषेत शब्दाच्या एखाद्या अक्षरावर जोर येतो आणि गाण्याची चाल त्या जोरावर पाऊल ठेवीत जाते. मराठी पद्य जोरावर चालत नाही. ते अक्षरांवर किंवा मात्रांवर चालते. ऱ्हस्व आणि दीर्घ हा आपल्याकडे जीव की प्राण. 'करुणा' ह्या शब्दातला 'रु' ताणला तर शाळेतले पोरही हसेल. आता इंग्रजी चाल तशीच ठेवून तिच्यात मराठी शब्द कोंबले म्हणजे काय होते? जेथे ऱ्हस्व हवे तेथे सूर लांबतो, जेथे थांबावयाचे तेथे चाल पळते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की भाषा आपली आहे, पण बोलणारा आजारी आहे.

दुसरी अडचण गाण्याच्या पद्धतीची. त्यांच्याकडे चार तऱ्हेचे आवाज चार निरनिराळे स्वर एकाच वेळी लावतात आणि त्यांच्या मिळणीतून गोडवा निर्माण करतात. आपल्याकडे एक जण पुढे होतो, तो कडवे म्हणतो, चालीत थोडे इकडेतिकडे फिरून येतो, आणि बाकीचे ध्रुपद धरतात. तेथे पुस्तक हातात घेऊन आरंभापासून शेवटपर्यंत ठरलेले गावयाचे. येथे ज्याला अक्षर येत नाही तोही दुसऱ्या फेरीला ध्रुपदात सामील होतो. ज्या समाजात शंभरांत पाचांनासुद्धा धड वाचता येत नव्हते, तेथे पुस्तकातले गाणे किती दूर जाणार?

मुंबईत तर परक्या वाद्यांनी वेगळाच गोंधळ उडवून दिला. १८८२ च्या सप्टेंबरात मुक्तिफौजेची चार माणसे मुंबईस उतरली. त्यांचा पुढारी फ्रेडरिक टकर. हा आधी पंजाबात सरकारी अधिकारी होता. ती मोठ्या पगाराची नोकरी सोडून तो ह्या फौजेत शिरला होता. वाजतगाजत मिरवणूक काढावयाची आणि चौकात उभे राहून गावयाचे, ही त्यांची रीत. शांतताभंग होईल ह्या भीतीने पोलिसांनी मिरवणुकींना मनाई केली. ह्यांनी ती मानली नाही. खटले झाले, आणि १८८३ साली टकरला तुरुंगाची हवा खावी लागली. गोऱ्या सरकारने गोऱ्या धर्मोपदेशकाला रस्त्यात गाण्याबद्दल तुरुंगात घातले, हे पाहून मुंबईकरांची पुष्कळ करमणूक झाली असेल आणि थोडी सहानुभूतीही वाटली असेल. पुढे टकरने भगवी वस्त्रे घातली, जोडे टाकले, फकीर सिंग असे नाव घेतले. पाहुण्याला शेवटी यजमानाच्या वेषातच घरात शिरावे लागते, हे त्याच्या ध्यानात आले होते.

पण हे कळावयास १८८३ साल उजाडण्याची खरे तर गरज नव्हती. तीनशे वर्षांपूर्वीच एका इंग्रजाने गोव्यात हे ओळखले होते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आला. साष्टीच्या बाजूला त्याने आपले पुढचे सारे आयुष्य, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, काढली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराण ऐकण्याची सवय मोडली होती, पण भूक मेली नव्हती. स्टीफन्सने ती भूक ओळखली. तो मराठी शिकला, ओवी शिकला, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' त्याने रचले. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या जुन्या कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. १६१६ साली ते राशोलला छापले गेले. देवनागरीचे खिळे हाताशी नसल्यामुळे छापले ते रोमन लिपीत, पण भाषा आणि छंद अस्सल मराठी. एकनाथ महाराजांनी देह ठेवला १५९९ साली. म्हणजे नाथांच्या ओवीची शाई वाळते न वाळते तोच एक परदेशी माणूस तीच ओवी हातात घेऊन बसला होता.

ह्या ग्रंथाच्या नशिबी मात्र मोठे हाल आले. पोर्तुगीज सरकारने १६८४ साली स्थानिक भाषाच मोडून काढण्याचा हुकूम सोडला. तरीही लोकांनी हस्तलिखिते जपली, ओव्या पाठ म्हटल्या. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांबरोबर क्रिस्तपुराणही गेले, आणि १९०७ साली ते पुन्हा छापले गेले ते मंगळूरलाच. सरकारचा हुकूम कागदावर राहिला आणि ओवी माणसांच्या तोंडी राहिली.

दुसरे उदाहरण तंजावरचे, आणि ते आपल्या भोसल्यांच्या दरबारातले आहे. श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या हाताखाली दोन मुले वाढली. एक सरफोजी राजे, दुसरा वेदनायकम् हा ख्रिस्ती कवी. सरफोजी हिंदूच राहिले, आणि आपल्या ख्रिस्ती बालमित्राला त्यांनी दरबारात आश्रय दिला. वेदनायकम् शास्त्र्यांनी तमिळ भाषेत, कर्नाटक संगीताच्या रागतालांत शेकडो ख्रिस्ती पदे रचली. पुढे जे नवे पाद्री आले त्यांना हे देशी गाणे उपासनेत नकोसे झाले. तेव्हा म्हातारपणाकडे झुकलेला तो कवी आपल्या पदांसाठी त्यांच्याशी भांडला. तमिळ ख्रिस्ती लोक अजून ती पदे गातात. भांडण कोणी जिंकले हे निराळे सांगावयास नको.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ पासून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्यांचे मोठे ठाणे झाले. तीस वर्षे भाषांतरित गाणी गाऊन झाल्यावर १८६० नंतरच्या दशकात तेथे एक नवी गोष्ट घडली. कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि त्यांचे सोबती ह्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नमन झाले, मूळपद झाले, पूर्वरंगात वचनाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. साकी, दिंडी, आर्या, कटाव, सारे काही ठरल्याप्रमाणे. फक्त आख्यान हरिश्चंद्राचे किंवा सुदाम्याचे नसून उधळ्या पुत्राचे. बापाची मालमत्ता वाटून घेऊन परगावी गेलेला, डुकरांचा चारा खाण्याची पाळी आलेला आणि शेवटी 'घरी जावे' म्हणून उठलेला तो मुलगा. ही गोष्ट दिंडीत ऐकताना नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ती परदेशातली कशी वाटावी? असा मुलगा त्याच्याच भावकीत कोठेतरी असतो.

ह्या कीर्तनाबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती धर्मापलीकडची आहे. नगरकडचे पुष्कळसे ख्रिस्ती हे महार आणि मांग समाजांतून आलेले होते. गावात कीर्तन होई तेव्हा ह्या लोकांना देवळाच्या बाहेर, लांब उभे राहून ऐकावे लागे. आवाज ऐकू यावयाचा, बुवा दिसावयाचा नाही. चोखोबांनी अभंगात जे दुःख मांडले तेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. आता ह्याच समाजातला माणूस डोक्याला पागोटे बांधून, हातात चिपळ्या घेऊन मधोमध उभा राहिला आणि आख्यान सांगू लागला. जे लांबून ऐकत होते ते बुवांच्या जागेवर आले. ज्यांनी आयुष्यभर कान देऊन हे छंद चोरून शिकावे तसे शिकले, त्यांना ते उघडपणे गावयास मिळाले. परक्या चालीतले गाणे कितीही गोड असते तरी त्याने हे साधले नसते. कारण त्या माणसाला परक्याचे काही नको होते, त्याला आपलेच पण नाकारलेले हवे होते.

ह्या इतिहासाचा नायक मात्र ब्राह्मणाच्या घरात जन्मला. नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. शीघ्रकवी, वक्ते, संस्कृताचे जाणते, आणि संसारात अत्यंत अव्यवहारी. नागपूरला श्रीमंत आप्पासाहेब बुटी ह्यांच्या पदरी राहून त्यांनी जुन्या ग्रंथांचे काम केले. १८९३ च्या सुमारास ते नोकरीनिमित्त आगगाडीने राजनांदगावास चालले होते. त्याच डब्यात एक गोरा प्रवासी बसला होता. तेच आपले अर्नेस्ट वॉर्ड. बोलणे कवितेवरून निघाले आणि धर्मावर गेले. उतरताना वॉर्ड साहेबांनी त्यांच्या हातात बायबलाची प्रत ठेवली आणि 'दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल' असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही, पण पुस्तक त्यांनी वाचले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे आपण गाणे क्षणभर बाजूला ठेवू. एका माणसाचा आत्मा कोठे शांत झाला, हे सांगताना त्याच्या घरात काय झाले हे न सांगणे बरे नव्हे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना हा घाव सोसला नाही. चार-पाच वर्षे त्या मुलाला घेऊन माहेरच्या आणि नात्यागोत्याच्या आधारावर राहिल्या. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. सवाष्ण असून सवाष्णीचा मान नाही. त्या काळातली ही दशा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विस्ताराने सांगावयास नको. पुढे त्या पतीकडे आल्या, आणि स्वतःच्या विचाराने, घाई न करता, १९०० साली त्यांनीही तो धर्म स्वीकारला. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात लिहिले आहे. हसत हसत लिहिले आहे, आणि म्हणूनच वाचताना डोळे भरून येतात. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ह्या दिवाळीत ते पुस्तक घरी आणावे.

ख्रिस्ती झाल्यावर टिळक नगरला मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. रविवारी उपासनेला बसले की कानावर ती भाषांतरित गाणी पडत. ज्याने तुकोबा प्यालेला आहे त्याला ते कसे सोसावे? टिळकांनी लेखणी उचलली. अभंग, ओव्या, पदे, भजने ह्यांचा ओघ सुरू झाला तो मरेपर्यंत थांबला नाही. 'उपासनासंगीत' ह्या नावाने मराठी ख्रिस्ती लोकांचे जे गीतांचे पुस्तक आहे, त्यातला मोठा वाटा टिळकांचा आहे. 'अभंगांजली' तर नावानेच सांगते की हा माणूस कोणाच्या दिंडीतला होता. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून, असे ते उघड म्हणत. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले, माउली म्हटले. वारकऱ्याने विठाईला हाक मारावी तशी त्यांनी त्याला हाक मारली. गोऱ्या पाद्र्यांना हे ऐकून सुरुवातीला जरा चुकल्याचुकल्यासारखे झाले असल्यास नवल नाही. पण खेड्यातल्या म्हातारीला बरोबर कळले की कोणाला, कशासाठी हाक मारली जात आहे.

टिळक धर्माने बदलले, पण मराठी कवींच्या पंगतीतून उठले नाहीत. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले त्यात ते होते. बालकवी ठोमरे पुढे नगरला त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी लिहिलेल्या कविता हिंदूंची मुले शाळेत पाठ करीत. आम्ही मास्तर लोकांनी त्या शिकविताना कवीचा धर्म कोणता हे सांगण्याची गरज कधी पडली नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

तरीही टिळकांना एक शल्य होते. मिशनच्या पगारावर जगणाऱ्याचे कीर्तन लोक ऐकतात, पण मनात म्हणतात, 'हा पोटासाठी गातो.' हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. दुष्काळाच्या वर्षांत मिशनांनी हजारो पोरक्या मुलांना वाचविले हे जितके खरे, तितकेच हेही खरे की भाकरी आणि धर्म एकाच हाताने दिले की घेणाऱ्याचे मन मोकळे राहत नाही. टिळकांनी ह्याचे उत्तर वादाने दिले नाही. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उघडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ह्या दरबारात बसू शकत. परदेशी पैसा नको, परदेशी रीत नको. ख्रिस्त हवा, पण तो ह्या मातीत उभा राहिलेला. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस त्यांनी देह ठेवला. दरबार उधळला. मागे राहिली ती गाणी.

आणि मागे राहिल्या लक्ष्मीबाई. टिळकांनी 'ख्रिस्तायन' ह्या ओवीबद्ध महाकाव्याला हात घातला होता आणि त्याचे थोडेच अध्याय झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याने घरी अक्षरओळख करून दिलेल्या ह्या बाईने उरलेले साठांहून अधिक अध्याय लिहून काढले. एवढ्यावर न थांबता त्या स्वतः कीर्तनाला उभ्या राहिल्या. ज्या बाईच्या संसाराचे नवऱ्याच्या धर्मांतराने दोन तुकडे केले होते, तीच उतारवयात तोच धर्म आपल्या आजीच्या ओवीत सांगू लागली. बाईमाणसाने कीर्तन करणे हे त्या काळी हिंदूंतही धाडसाचे होते.

आता कोणी विचारील, ह्या साऱ्या गाण्याने किती माणसे ख्रिस्ती झाली? मोजणी करणाऱ्याची निराशाच होईल. गावोगावच्या लोकांनी रात्ररात्र ही कीर्तने ऐकली, आख्यानाला डोळे पुसले, आणि पहाटे घरी जाऊन आपल्या देवाला फूल वाहिले. मला ह्यात कोणाचाच पराभव दिसत नाही. खरा प्रश्न संख्येचा नव्हताच. प्रश्न असा होता की, माणसाने देव बदलला म्हणजे त्याला भाषाही बदलावी लागते काय? आईने जात्यावर म्हटलेली ओवी त्याने विसरावी काय? शेजाऱ्याने त्याला आणि त्याने शेजाऱ्याला परका म्हणावे काय? सांगळ्यांनी, टिळकांनी, लक्ष्मीबाईंनी ह्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर दिले, आणि ते टाळ वाजवून दिले.

आपला विदर्भ तर हे चांगले जाणतो. गाडगेबाबांनी फुटके गाडगे आणि झाडू घेऊन जे कीर्तन केले त्याला कोणत्या पंथाची चौकट होती? तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्मपरिषदेसाठी जपानला गेले, ते आपली खंजिरी घेऊन गेले. पाद्री गाणे घेऊन इकडे आले, आमचे महाराज भजन घेऊन तिकडे गेले. समुद्र दोघांनाही एकच ओलांडावा लागला.

ह्या वाटेला काटे अजून आहेत. १९५३ साली यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली, आणि १९८३ मध्ये ती पुण्याला जाईपर्यंत देशातल्या नाना प्रांतांचे विद्यार्थी तेथे शिकले. त्याच यवतमाळात २०१९ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या पुढच्या, २०२० मध्ये भरलेल्या, उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) संमेलनाचे अध्यक्ष म्हणून वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांची निवड झाली, तेव्हा काहींनी विरोध केला. पाद्री मराठीचा अध्यक्ष कसा, असा त्यांचा सवाल. ज्यांना क्रिस्तपुराण माहीत होते, ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचली होती, त्यांना हा सवाल चारशे वर्षे उशिरा आलेला वाटला. दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. वसईच्या त्या माणसाने 'सुबोध बायबल' मराठीत लिहून साहित्य अकादमीचा मान मिळविला, तोही स्टीफन्सच्या आणि टिळकांच्याच वाटेने चालत जाऊन.

एक विनंती करून हा लेख पुरा करतो. ख्रिस्ती कीर्तन करणारे जुने बुवा आता थोडे उरले आहेत. नव्या मुलांच्या हाती गिटार आहे, आणि त्यात काही वावगेही नाही. उद्या कदाचित गिटारही पेटीसारखी आपली होईल. पण ज्यांच्या गावात, ज्यांच्या ओळखीत असे एखादे म्हातारे बुवा असतील, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे ताट घेऊन त्यांच्याकडे जावे. 'आजोबा, एक आख्यान म्हणा' एवढेच म्हणावे. मुलांना वही-पेन्सिल बरोबर द्यावी, किंवा हल्ली सर्वांच्याच खिशात असलेल्या यंत्रावर आवाज धरून ठेवावा. त्या साक्या, त्या दिंड्या, त्या चाली कोणत्याही पुस्तकात पुरत्या उतरलेल्या नाहीत. त्या गळ्यात आहेत, आणि गळा माणसाबरोबर जातो.